निद्रा, शान्ति आणि देवी : 'योगनिद्रा' ह्या संज्ञेच्या इतिहासाविषयी काही विचार

१

'योगनिद्रा' हा शब्द आज उच्चारला की बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते. उताणे निजावे, कोणी देत असलेल्या सूचना ऐकाव्यात, एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष न्यावे आणि अशा रीतीने शरीर व मन शिथिल करावे, अशी ती एक पद्धती होय. ह्या पद्धतीची उपयुक्तता हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु ही पद्धती अतिप्राचीन असून देवीमाहात्म्यातील योगनिद्रा हे तिचेच पौराणिक रूपक होय, असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा शब्दांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला थोडे थांबावे लागते. हा शब्द एखाद्या क्रियेचे नाव होण्याच्या कितीतरी आधी तो विष्णूच्या निद्रेचे, आणि त्या निद्रेची जी अधिष्ठात्री तिचे नाव होता. देवीचे नाव क्रियेला कसे मिळाले, आणि मिळताना त्यातील काय गळून पडले, हे पाहण्याचे येथे योजिले आहे. हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. मन शांत होणे म्हणजे नेमके काय होणे, ह्याविषयी एका दीर्घ परंपरेने जो विवेक केला तो ह्या शब्दाच्या पोटात साठविलेला आहे. शब्द सैल झाला की तो विवेकही सैल होतो.

२

आरंभ दोन धातूंपासून करू. 'निद्रा' हा शब्द 'नि' ह्या उपसर्गपूर्वक 'द्रा' धातूपासून सिद्ध होतो. लॅटिनमधील 'दोर्मीरे' हे क्रियापद ह्याच कुळातील होय. प्राकृतातील 'णिद्दा' ह्या रूपातून तो देशभाषांत आला आणि जुन्या मराठीतील 'नीद', 'निदसुरा' हे शब्द त्याचेच वंशज आहेत. 'नि' ह्या उपसर्गाचा मूळ अर्थ 'खाली, आत' असा आहे. 'निवास', 'निवेश' ह्यांत तो आहे, आणि 'नीड' म्हणजे घरटे ह्या शब्दातही तो 'सद्' धातूशी एकजीव होऊन बसला आहे. म्हणजे भाषेच्या दृष्टीने झोप हे प्रथमतः एक आत शिरणे, खाली उतरून बसणे आहे.

'शान्ति' ह्या शब्दाची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. आपण 'शम्' धातूचा अर्थ 'निवणे, स्वस्थ होणे' असा करतो आणि अभिजात संस्कृतात तोच रूढ आहे. परंतु वैदिक भाषेत 'शम्' धातूचा अर्थ 'श्रम करणे, यज्ञकर्मात खपणे' असाही आहे, आणि 'शमी' हा शब्द तेथे कष्ट, कर्म ह्या अर्थी येतो. ग्रीक भाषेतील 'काम्नो' हे क्रियापद त्याचे सजातीय असून त्याचा अर्थ 'कष्टणे, थकणे' असा आहे. तेव्हा ह्या कुळातील अर्थविकासाचा मार्ग कष्टणे, थकणे, थांबणे आणि निवणे असा मानावा लागतो. 'श्रम्' धातूचीही तीच गत. 'श्रान्त' म्हणजे थकलेला. त्याला 'वि' हा उपसर्ग लागला की 'विश्रान्त' म्हणजे ज्याचा थकवा गेला तो. शांततेसाठी आणि विसाव्यासाठी आपण वापरतो ते हे दोन्ही शब्द मुळात श्रमाच्या घरचे आहेत. शांतीला कष्टाचा पूर्वेतिहास असतो, असे निदान भाषेला तरी वाटले होते. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

३

निशेला देवी मानून तिची केलेली पहिली मोठी स्तुती ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२७ वे सूक्त होय. ह्या आठ ऋचांतील रात्री काळोखाची देवता असली तरी काळोखाशी एकरूप नाही. ती असंख्य डोळ्यांनी पाहत येते, आणि आपल्या प्रकाशाने तमाला बाजूस सारते. गावे, पायांनी चालणारे, पंखांनी उडणारे, सर्व तिच्या येण्याने विसावतात. पाखरे झाडावरील वसतीला परततात तसे आम्ही घरी परतलो आहोत, असे ऋषी म्हणतो. पण त्याच सूक्तात लांडग्यापासून आणि चोरापासून रक्षण मागितले आहे आणि उषेने हा अंधार ऋणाप्रमाणे फेडून टाकावा अशी प्रार्थना आहे. विसावा हवा, परंतु तो राखणदारीचा. आणि तो कायमचा नव्हे, पहाटेपर्यंतचा. सप्तशतीच्या पाठाआधी हे रात्रिसूक्त म्हणण्याचा एक संप्रदाय आहे. दुसऱ्या संप्रदायात त्या जागी देवीमाहात्म्याच्या पहिल्या अध्यायातील ब्रह्मदेवकृत स्तुती 'तांत्रिक रात्रिसूक्त' म्हणून येते. रात्रीपासून योगनिद्रेपर्यंतची संगती परंपरेने स्वतःच लावून ठेवली आहे, ती अशी.

मधल्या काळातील दुवे दोन. हरिवंशात विष्णू पाताळात जाऊन निद्रादेवीला देवकार्यासाठी पाचारण करतो. ती यशोदेच्या पोटी जन्म घेते, कंसाच्या हातून निसटते आणि विंध्य पर्वतावर वास करते. येथे निद्रा ही कथेतील स्वतंत्र व्यक्ती झाली आहे. दुसरा दुवा कालिदासाचा. रघुवंशाच्या दहाव्या आणि तेराव्या सर्गांत विष्णूच्या योगनिद्रेचा उल्लेख येतो आणि तो इतक्या सहजपणे येतो की ही कल्पना त्या काळच्या रसिकाला परिचित असली पाहिजे.

४

देवीमाहात्म्य हा मार्कण्डेयपुराणाचा ८१ ते ९३ हा तेरा अध्यायांचा भाग होय. त्याचा काल बहुधा इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमाराचा मानतात. राजस्थानातील दधिमती मातेच्या मंदिरातील शिलालेखात ह्या ग्रंथातील श्लोक आढळतो. मात्र त्या लेखाच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद असून सातव्या शतकाच्या आरंभापासून नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत मते आहेत.

ह्या ग्रंथाचा आरंभ युद्धाने होत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो दोन अस्वस्थ माणसांनी होतो. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि बायकामुलांनी धनलोभाने घराबाहेर काढलेला एक वैश्य मेधस् ऋषींच्या आश्रमात भेटतात. ज्यांनी आपल्याला टाकले त्यांच्याकडेच आपले मन पुन्हा पुन्हा का धावते, हे कळत असूनही वळत का नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. त्या वैश्याचे नाव 'समाधि' आहे. ज्याचे मन ठिकाणावर नाही त्यालाच हे नाव देण्यात पुराणकाराचा हेतू नसावा असे म्हणणे कठीण आहे. पुढची सर्व कथा हे ह्या मनोव्यथेवरील उत्तर आहे.

उत्तराचा पहिला भाग मधुकैटभांची कथा होय. प्रलयजलावर विष्णू शेषशय्येवर निजला आहे. त्याच्या कानाच्या मळातून मधु आणि कैटभ हे असुर निघतात आणि नाभिकमलावरील ब्रह्मदेवाला मारावयास धावतात. ब्रह्मदेव विष्णूला हाका मारीत नाही. तो विष्णूच्या डोळ्यांत वसलेल्या योगनिद्रेची स्तुती करतो. तो तिच्याजवळ तीन गोष्टी मागतो : ह्या दोन असुरांना मोह पाड, जगत्स्वामीला जागे कर, आणि त्यांना मारण्याची बुद्धी त्याला दे. स्तुतीने प्रसन्न झालेल्या देवीला पुराणकार ह्या ठिकाणी 'तामसी' म्हणतो. ती विष्णूचे डोळे, मुख, नाक, बाहू, हृदय आणि वक्षःस्थळ ह्यांतून बाहेर पडते; विष्णू उठतो आणि पाच हजार वर्षे बाहुयुद्ध करतो. शेवटी देवीच्या मायेने मोहित झालेले असुर त्यालाच वर मागावयास सांगतात आणि त्या वरानेच मारले जातात.

देवीमाहात्म्यातील देवीचे पहिले कार्य शस्त्राने केलेले नाही. ते केवळ बाजूस होण्याचे आहे. जी झाकते तीच दूर होऊ शकते, आणि तिच्या दूर होण्यातच पुढील सर्व पराक्रमाचे मूळ आहे. निद्रादेवीचे सामर्थ्य असे दुहेरी आहे : विष्णूला जाग आणि असुरांना मोह ही दोन्ही एकाच वेळी तिचीच कृत्ये आहेत.

असुरांच्या बाबतीत महाभारताच्या शान्तिपर्वातील नारायणीय उपाख्यानाचा दाखला महत्त्वाचा आहे. तेथे कमळावरील दोन जलबिंदूंपासून हे असुर उत्पन्न होतात आणि मधु हा तामस, कैटभ हा राजस, असे स्पष्ट सांगितले आहे. एक जडत्व, दुसरा चांचल्य. निजलेल्याच्याच शरीरातून ही जोडी निघावी ही देवीमाहात्म्यातील कल्पना त्या दाखल्याच्या प्रकाशात वाचली म्हणजे तिचा रोख उमगतो. केवळ निद्रेत असणे म्हणजे शांत असणे नव्हे. त्या स्वस्थतेच्या आडोशाला सुस्ती आणि अस्थैर्य दोन्ही पोसली जाऊ शकतात.

पाचव्या अध्यायातील देवांनी केलेली स्तुती ह्याच अंगाने पाहावी. सर्व भूतांच्या ठायी देवी ज्या एकवीस रूपांनी राहते ती तेथे मोजली आहेत. त्यांत निद्रा चौथी येते, बुद्धीच्या लगोलग. शान्ति बारावी, लज्जा आणि श्रद्धा ह्यांच्या मध्ये. शेवटचे, एकविसावे रूप भ्रान्ति. तुष्टि आहे तशी तृष्णाही आहे. निद्रा आणि शान्ति ह्यांना ह्या यादीने दोन वेगळी रूपे मानले आहे, हे विसरता कामा नये. दोन्ही देवीचीच, पण एक म्हणजे दुसरी नव्हे.

५

पुराणाने प्रतिमेतून जे सुचविले तेच दर्शनांनी संज्ञांतून मांडले. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृति. निद्रा हीही एक वृत्तीच आहे. अभावाचा प्रत्यय हे तिचे आलंबन. व्यासभाष्यातील युक्तिवाद मार्मिक आहे. झोपेतून उठलेला माणूस 'सुखाने झोपलो' असे म्हणतो, दुसरा 'झोप लागली पण मन भरकटलेले आहे' म्हणतो, तिसरा 'गाढ मूढासारखा पडलो होतो' म्हणतो. आठवण आहे त्या अर्थी अनुभव होता, अनुभव होता त्या अर्थी वृत्ती होती. आणि समाधीत इतर वृत्तींप्रमाणे तिचाही निरोध केला पाहिजे. असे असूनही त्याच पहिल्या पादात, मन स्थिर करण्याच्या उपायांत, स्वप्नाचे आणि निद्रेचे ज्ञान हे एक आलंबन म्हणून सांगितले आहे. म्हणजे निद्रा टाकावयाची आणि निद्रेच्या ज्ञानाचा आधार घ्यावयाचा. निद्रा आणि निद्रेचे ज्ञान ह्यांतील हा भेद वरकरणी सूक्ष्म वाटला तरी सर्व भिस्त त्याच्यावर आहे.

वेदान्तात हाच भेद अधिक ठसठशीत होतो. माण्डूक्य उपनिषद सुषुप्तीला तिसरा पाद म्हणते, आणि 'शान्त' हे विशेषण चौथ्यासाठी राखून ठेवते. शंकराचार्यांच्या पूर्वीचे गौडपाद आपल्या कारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात ह्यावर साधकाला व्यवहार्य नियम देतात. निग्रह केलेल्या मनाची स्थिती सुषुप्तीतील मनाहून निराळी आहे, असे आधी सांगून ते म्हणतात की मन लयात बुडू लागले तर त्याला जागे करावे, आणि विखुरले तर पुन्हा शमवावे. शांत करण्याचे कार्य असे दोन्ही दिशांनी चालते. लय आणि विक्षेप ही जोडी, आणि तामस मधु व राजस कैटभ ही जोडी, ह्यांत एकाने दुसऱ्यापासून घेतले असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. एकच अनुभव एका ठिकाणी कथेने आणि दुसऱ्या ठिकाणी कारिकेने सांगितला आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

६

शिल्प आणि उपासना ह्यांची साक्ष ह्याला पूरक आहे. महाबलिपुरम् येथील पल्लवकालीन, सातव्या शतकातील महिषमर्दिनी गुहेत समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन मोठे पट कोरले आहेत. एका भिंतीवर शेषशायी विष्णू आणि त्याच्या पायाकडे गदा उगारलेले मधुकैटभ. दुसऱ्या भिंतीवर सिंहारूढ, शरवर्षाव करणारी, महिषासुराला मागे रेटणारी देवी. निजलेल्या विष्णूच्या पटातील उडत्या आकृतींपैकी स्त्री-आकृती ही योगनिद्रा असे अनेक अभ्यासक मानतात. ते ग्राह्य धरले तर गुहेत उभा राहणारा प्रेक्षक एकाच देवीच्या दोन अवस्थांच्या मधोमध उभा असतो : एकीकडे निद्रेतून बाहेर पडणारी, दुसरीकडे रणात उतरलेली. शिल्पकाराने ह्या दोन पटांना एकमेकांकडे पाहावयास लावले आहे.

महाराष्ट्रात ह्या कल्पनेचे जिवंत रूप तुळजापूरला आढळते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविली जाते. ह्याला मंचकी निद्रा म्हणतात. दोन निद्रा दोन नवरात्रांपूर्वीच्या, एक आश्विनातील शारदीय आणि दुसरे पौषातील शाकंभरी. तिसरी विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतरची, आश्विनी पौर्णिमेपर्यंतची. ह्या तीन निद्रांना घोरनिद्रा, मोहनिद्रा आणि श्रमनिद्रा अशी नावे आहेत. सीमोल्लंघनानंतरची ती श्रमनिद्रा.

ह्या नावांकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधल्याशिवाय राहत नाही. सांख्यकारिकेच्या ३८ व्या कारिकेत स्थूल भूतांचे, म्हणजे पर्यायाने तीन गुणांच्या अनुभवाचे, त्रिविध वर्णन 'शान्त', 'घोर' आणि 'मूढ' ह्या शब्दांनी केले आहे. तुळजापूरच्या त्रयीत घोर आहे, मूढाच्या जागी मोह आहे, आणि जेथे शान्त अपेक्षित होता तेथे श्रम आहे. पुजाऱ्यांच्या परिभाषेवर सांख्याची छाया आहे असा दावा करावयाचा नाही. परंतु हे साम्य केवळ योगायोगाचे असले तरी अर्थपूर्ण आहे. आपण वर पाहिले की 'शम्' धातूचे मूळच श्रमात आहे. नऊ दिवस जागलेली, दहाव्या दिवशी सीमा ओलांडून आलेली देवी जी झोप घेते तिला लोकपरंपरेने श्रमाचे नाव द्यावे, ह्यात त्या जुन्या अर्थाची खूण पुन्हा उमटली आहे. आणि ही निद्रा संपते तो दिवस कोजागरी पौर्णिमेचा, 'कोण जागे आहे' असे विचारीत लक्ष्मी फिरते असे मानतात त्या रात्रीचा.

मराठी भाषेतील आणखी काही वाक्प्रचार येथे जोडून पाहावेत. नवरात्र 'बसते' आणि 'उठते'. देवीचा 'जागर' होतो. आणि ज्या देवस्थानाचा प्रत्यय येतो त्याला आपण 'जागृत' म्हणतो. जी देवी वर्षातून तीनदा निजते तीच जागृत म्हणून ख्यात आहे, ह्यात भाविकाला कधी विसंगती वाटलेली नाही. निजणे हा तिच्या जागेपणाचाच भाग आहे, हे त्याने गृहीत धरले आहे.

७

आता आधुनिक अर्थाकडे वळता येईल. मध्ययुगीन हठयोगाच्या ग्रंथांत 'योगनिद्रा' हा शब्द येतो, पण तेथे तो समाधीचा पर्याय आहे. हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात खेचरीचा अभ्यास योगनिद्रा येईपर्यंत करावा असे सांगितले आहे; हे फल आहे, साधन नव्हे. निजून विसावा घेण्याच्या क्रियेला त्याच ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात वेगळे नाव आहे, शवासन. आणि थकवा घालविणे व चित्ताला विश्रांती देणे हे त्याचे प्रयोजन सांगितले आहे. आज ज्याला योगनिद्रा म्हणतात ती क्रिया ग्रंथकाराच्या दृष्टीने शवासनाच्या अधिक जवळची ठरली असती.

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत स्नायुशैथिल्याच्या पद्धती पुढे आल्या. एडमंड जेकबसन ह्यांचे क्रमशः शिथिलीकरणावरील पुस्तक १९२९ मध्ये आणि जर्मन वैद्य योहानेस शुल्ट्स ह्यांचे स्वयंसूचनेच्या पद्धतीवरील पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंगेर येथील बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती ह्यांचे योगनिद्रेवरील पुस्तक १९७६ मध्ये आले. आपल्या पद्धतीचे मूळ त्यांनी तांत्रिक न्यासात दाखविले. न्यासात शरीराच्या एकेका स्थानी मंत्राची स्थापना करतात. नव्या पद्धतीत मंत्र गेला आणि अवयवावरील लक्ष उरले. शब्द जुना, क्रम न्यासाचा, उद्दिष्ट शैथिल्याचे, असा हा संयोग आहे.

समासाचा विग्रह बदलत गेला, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल. पुराणात योग म्हणजे देवाची शक्ती, आणि त्या योगाने आलेली ती योगनिद्रा. हठग्रंथांत योग हीच निद्रा, जगाला निद्रेसारखी दिसणारी समाधी. आधुनिक प्रयोगात योगाच्या रीतीने घेतलेली विश्रांती. तिन्ही विग्रह व्याकरणाला मान्य आहेत. शब्दांचे अर्थ बदलतात, आणि त्याबद्दल रुसून बसणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. परंतु तिसरा अर्थ पहिल्यावर लादून देवीमाहात्म्य वाचले तर कथा उलटी होते. मग योगनिद्रेचे येणे ही प्राप्ती ठरते, आणि ब्रह्मदेवाने तिच्या जाण्यासाठी केलेली प्रार्थना अनाकलनीय राहते.

८

सुरथ आणि समाधि ह्यांचे शेवटी काय झाले, हे सांगितल्यावाचून हा विचार पूर्ण होत नाही. दोघांनी नदीकाठी देवीची मृण्मय मूर्ती करून तीन वर्षे उपासना केली. देवी प्रसन्न झाल्यावर राजाने राज्य मागितले. वैश्याने 'मी' आणि 'माझे' हा संग तोडणारे ज्ञान मागितले. देवीने दोघांनाही दिले आणि कोणाला उणे लेखले नाही. एकाचे मन कर्माकडे परतले, दुसऱ्याचे कर्मातून सुटले; पण ज्या घालमेलीने दोघे आश्रमात आले होते ती दोघांचीही संपली. येथे शांती म्हणजे मनाचे मालवणे असते तर राजाला राज्य देऊन देवीने त्याला पुन्हा अशांतीत लोटले असे म्हणावे लागले असते. तसे पुराणकाराला वाटत नाही. मन शांत झाले की नाही ह्याची त्याच्या लेखी कसोटी एकच आहे : जागे झाल्यावर माणसाला आपले काय ते ओळखता येते की नाही.

निद्रारूपी देवी ही मनःशांतीचे प्रतीक आहे, हे विधान म्हणून खरे आहे, पण अर्धे. ती झाकते म्हणून विसावा मिळतो. ती दूर होते म्हणून त्या विसाव्याला अर्थ येतो. वैदिक ऋषीने रात्रीला वंदन करून उषेची वाट पाहिली, गौडपादांनी लयातून जागे करावयास सांगितले, तुळजापूरच्या उपासकांनी देवीची शेज घातली आणि तिच्या उठण्याची तिथीही ठरवून ठेवली. योगनिद्रा ह्या शब्दाचा विद्यार्थ्यांनी अभ्यास करताना ही दुसरी बाजू दृष्टीआड होऊ देऊ नये, एवढेच सुचवून हा लेख पुरा करतो.